ठकूची जागा

लाईट यायला अजून टाईम हाय, तवर बसा पोरांनो. शेकोटीत आणखी दोन तुराट्या घाला. बिरदेवचं सांगतो. माझ्या बांधाला बांध लागून व्हता त्याचा, वरवंडच्या अलीकडं, हायवेला खेटून. खोटं बोलणारा माणूस न्हवं. आन् हे त्यानं मला एकदाच सांगितलं.

दोन हजार तीन साल. चंपाषष्ठीच्या आदली रात्र. हायवे चौपदरी करायचं काम चाललेलं. जुन्या रस्त्याशेजारी नवा रस्ता डांबर घालून तयार झालेला, पण अजून गाड्यांना खुला न्हवता. दोन्ही टोकांना पिंपं लावलेली. बिरदेवचं घर रस्त्याच्या ह्या अंगाला, पाण्याची हिर पल्याड. लाईट रात्री अकराला यायची, म्हणून तो बॅटरी घेऊन मोटार चालू करायला निघाला.

पण आधी त्याच्या आईचं ऐका. बयाबाई. ही मंडळी मूळची मेंढरं घेऊन फिरणारी. बयाबाई तरणी असताना त्यांचा तळ इथं पडला व्हता, आन् इथंच तिची पहिली लेक, ठकू, गोवरानं गेली. दीड वर्साची. रस्त्याकडच्या बांधावर पुरली तिला. सकाळी मेंढरं पुढं निघाली, पर बयाबाई काय जाग्यावरनं उठंना. नवऱ्यानं, ज्योतिबानं, लई समजावलं. ती एवढंच म्हणत ऱ्हायली की लेकराला एकटं टाकून मी यायची न्हाई. शेवटी ज्योतिबानं मेंढरं विकली आन् तीच जमीन घेतली. बिरदेव पुढं तिथंच जन्मला. लोकं पाणी बघून जमीन घेत्यात. त्यांनी त्या बांधापायी घेतली.

आन् रुंदीकरणात नेमका तोच बांध गेला.

मशीन आलं तवा बयाबाई आडवी बसली. रस्त्याच्या कामावरचा साहेब बरा माणूस, त्यानं दिवसभर काम थांबवलं. बिरदेवनं स्वतः उकरलं, मी पण हाताला व्हतो. चाळीस वर्सं झालेली, काय घावणार? नुसती माती. मी म्हणलं, काकू, मूठभर माती तरी घ्या, घरामागं ठेवू. ती म्हणाली, मातीला काय करू? मग मुरूम पडला, खडी पडली, रोलर फिरला. त्या दिवसापासनं तिचं जेवण तुटलं. दारात बसून रस्त्याकडं बघायची आन् बिरदेवला म्हणायची, डांबर लई तापतं रे.

तर त्या रात्री…

चंद्रकोर मावळलेली. बिरदेव नव्या रस्त्यावर चढला तर मधोमध कुणीतरी बसलेलं. त्यानं बॅटरी मारली. आई. घरात निजलेली सोडून आला व्हता तिला. काठीबिगर दोन पावलं न चालणारी बाई, आन् काठी कुठं दिसंना. तळहातानं डांबर थोपटत व्हती.

"आये, घरी चल," तो म्हणाला.

"हळू बोल. उठली हाय ती."

बिरदेव जागच्या जागी थांबला. जुन्या रस्त्यावरनं एक ट्रक गेला. मग सगळं गप. रातकिडं बी गप.

म्हातारी वाकली. दोन्ही हात खाली नेलं. डांबराला चीर न्हाई, काय न्हाई. उचललं. काय उचललं… ते दिसंना. हात मोकळंच. पण उठली तवा एका अंगाला कलली व्हती. कडेवर लेकरू असल्यावर बाई कलती ना… तशी.

चालायला लागली. सावकाश. बिरदेव मागं. शेवटी आईच ती. पडंल म्हणून त्यानं हात पुढं केलं.

"आये… दे. मी घेतो."

ती वळली. लई मायेनं बघितलं म्हणं तिनं.

"तुला न्हाई वळखायची ती. तू नंतरचा."

…

हे सांगताना बिरदेव थांबला. एवढा बाप्या माणूस, पंचा तोंडावर घेऊन बसला.

घरी येऊन म्हातारी भिंतीकडं तोंड करून निजली. बिरदेव मोटारीला गेलाच न्हाई, उंबऱ्यात बसून ऱ्हायला. आत जायचा धीर व्हईना, उठून जायचा बी व्हईना. आतनं थोपटल्याचा आवाज येत व्हता. हळू. एका लयीत. लई वेळ. पहाटं कोंबडं आरवलं तवा त्याच्या ध्यानात आलं… आवाज थांबलाय.

म्हातारी गेली व्हती.

शेजारी म्हणून सगळ्यात आधी आम्हीच पोचलो. आंघोळ घालायला बायका आत गेल्या, त्यात तुमची आज्जी व्हती. जराशानं ती बाहेर आली आन् मला बाजूला घेऊन म्हणाली, म्हातारीची चोळी पुढनं भिजलीया. मी म्हणलं, आंघोळीचं पाणी सांडलं असंल.

तिनं मान हलवली. चूल आत्ता कुठं पेटली व्हती. पाणी अजून कुणी अंगावर घातलंच न्हवतं.

पासष्टी उलटलेली बाई, पोरांनो.

तुमच्या आज्जीनं आपली बोटं माझ्या नाकाशी धरली. दुधाचा वास येत व्हता.