एकशे नव्वद व्होल्ट

अकोटच्या माणिकबाईंच्या उबवणी केंद्रातली दोन हजार अंडी एका दिवसात मेली. संध्याकाळी पाचला पोलिसांत तक्रार जाणार होती आणि तिच्यात नाव होतं रश्मीचं.

रश्मी ही पुंजाजींची भाची. पोलीस भरतीत निवड झालेली, फक्त चारित्र्य पडताळणी उरलेली. तक्रार नोंदली की संपलंच सगळं. म्हणून पुंजाजी तातडीने अमरावतीहून निघाले होते. गाडी चालवत होत्या रागिणी वानखडे, एकेकाळच्या विज्ञानशिक्षिका आणि आता खासगी गुप्तहेर. पुंजाजी त्यांचे मदतनीस.

"डॉक्टर म्हणते, काल दिवसा चार घंटे अंडी थंडी पडली," माणिकबाई म्हणाल्या. "रात्री मीच होती. सकाळी सहा ते बारा धर्मेंद्र, मंग सहापर्यंत रश्मी. थर्मामीटर फुटलं हाय, म्हून दर घंट्याले अंडी गरम ठेवणाऱ्या हीटरचं मीटर पाहून व्होल्टेज अन् अँपिअर लिहाले लावते. वह्या दोघायच्याही भरलेल्या. पोरगी पुस्तक घेऊन बसते, मले तिचाच डाउट हाय."

"झोप लागली होती का गं?" रागिणीबाईंनी रश्मीला विचारलं.

"नाही मॅडम. अभ्यास करून राहिली होती, पन दर घंट्याले उठली."

तिचे डोळे तांबारलेले होते. लागली असेल तर डुलकी? पुंजाजींच्या मनात आलंच, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

धर्मेंद्र मात्र ऐटीत होता. "सकाळी शेतातले पंप सुरू होतात, व्होल्टेज पडते. व्होल्टेज पडलं का अँपिअर चढते. बारा वर्षं पंपाच्या जळलेल्या मोटारींची वायंडिंग भरली मी, मले विचारा."

"आणि हीटर?" रागिणीबाईंनी विचारलं.

"चालूच होता. लिहिलं हाय ना."

रागिणीबाईंनी पुंजाजींना दोन्ही वह्यांतल्या कालच्या नोंदी वाचायला लावल्या. धर्मेंद्र: सहाला २३० व्होल्ट, ४.६ अँपिअर, आठला २१०, ५.०, दहाला १९०, ५.६. रश्मी: एकला २००, ४.०, चारला २२०, ४.४.

घड्याळात साडेचार झाले होते. पुंजाजींना त्यात काहीच दिसेना.

"व्होल्टला अँपिअरने भागा," रागिणीबाई म्हणाल्या. "तो हीटरच्या तारेचा रोध. रश्मीचा दोन्ही वेळा पन्नास. धर्मेंद्रचा आधी पन्नास, मग बेचाळीस, मग चौतीस. हीटर तर तोच आहे."

धर्मेंद्र वहीत वाकून पाहू लागला. रागिणीबाई पुढे म्हणाल्या,

"आता गुणा. याच्या तिन्ही नोंदींत वॅट साडेदहाशेच्या आसपास. मोटारीचं तसं असतं. तिला पाणी उपसायचंच असतं, म्हणून व्होल्टेज पडलं की ती जास्त करंट ओढते. हीटर म्हणजे नुसती तार. व्होल्टेज पडलं की तिचा करंटही पडतो. एकशे नव्वदला ३.८ यायला हवे होते, ५.६ नव्हे. माणिकबाई, आत्ता मीटर बघा."

माणिकबाई वाकल्या. "दोनशे दहा. अँपिअर चार पूर्णांक दोन."

"याच्या वहीत दोनशे दहाला पाच आहेत. हे आकडे मीटरवरचे नाहीत, मोटारवाल्याच्या डोक्यातले आहेत. तू इथे नव्हतास, धर्मेंद्र."

"सातले गेलतो," तो खाली बघत म्हणाला. "एकाची मोटार जळली होती. बाराच्या आत आलो त हीटर बंद, स्विच पडलेला. वर केला अन् मागचं लिहून टाकलं. अंडी मरतीन असं नव्हतं वाटलं."

माणिकबाईंनी तक्रारीचा कागद फाडला. पुंजाजींना हायसं वाटलं. ते रश्मीजवळ गेले, तशी ती मागे सरकली.

"मामा, तुमाले बी माह्यावर शक आलता ना?"

पुंजाजींना खोटं बोलवेना.

"आलता," ते म्हणाले.