शेल्फवरचा शेवटचा रेकॉर्डर

"ट्यूनर दोन... बरं. हार्ड डिस्क मोठी... बरं."

लंडनमधल्या हॅरोच्या एका दुकानात टीव्हीच्या शेल्फपाशी एक बाई गुडघ्यावर बसली होती. मोबाइलच्या टॉर्चनं एका काळ्या बॉक्सची मागची बाजू वाचत होती आणि स्वतःशीच बोलत होती, तेही मराठीत. बाहेर पाऊस होता. तिच्या रेनकोटवरून पाणी फरशीवर ठिबकत होतं. माझ्या हातात दुसरा एक बॉक्स होता, पण तो नक्की काय करतो हे मला कळत नव्हतं. म्हणून मी विचारलं, "ट्यूनर म्हणजे काय हो?"

तिनं वर न बघताच सांगितलं. एक ट्यूनर असला की एका वेळी एकच चॅनेल. दोन असले की एक रेकॉर्ड होत असताना दुसरं बघता येतं, किंवा दोन्ही एकदम रेकॉर्ड करून ठेवता येतात. एवढं सांगून ती थांबली. आपण कुणाला तरी मराठीत उत्तर दिलं, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं असावं. मग तिनं मान वर केली. चष्म्यावर पावसाचे थेंब तसेच होते. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे.

"तो घेऊ नका," ती म्हणाली. "तो फक्त दाखवतो. ठेवत नाही."

आणि मला ठेवणाराच हवा होता.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. वायर, मोटर, स्विच यांचं मला कळतं. पण घरातला टीव्ही माझ्या बायकोच्या, सुमनच्या ताब्यात असायचा. काय ठेवायचं, काय पुसायचं, ते तीच बघायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली. मी केबलवरची चार चॅनेलसुद्धा बघत नव्हतो, म्हणून फेब्रुवारीत केबल बंद केली. छतावर जुना एरियल होताच, फुकटची चॅनेल त्यावर दिसतात. केबलवाल्यांचा बॉक्स माझ्या घरात, माझ्या टीव्हीखाली होता. त्यामुळे त्याच्या आत जे आहे ते आपलंच, असं मी धरून चाललो. कनेक्शन बंद झालं त्या दिवशी रेकॉर्डिंगची यादीही उघडेना. केबल कंपनीची फोनवरची मुलगी फार चांगलं बोलली, पण कनेक्शन नसेल तर जुनं काही दिसणार नाही, असंच म्हणाली.

त्या यादीत सुमनचे नऊ सेकंद होते.

समुद्रकाठच्या गावांवरचा एक जुना कार्यक्रम. आम्ही यॉर्कशरला फिरायला गेलो तेव्हा बंदरावर त्याचं शूटिंग चाललं होतं. सुमन पिवळ्या रेनकोटमध्ये चिप्स खात उभी आहे, एक सीगल येऊन तिच्या हातातली चिप पळवतो आणि ती हसते. बस, एवढंच. आमची मुलगी दिया एडिनबराला शिकते. घरी आली की बॅग खाली ठेवायच्या आधी ती ते नऊ सेकंद लावते. ईस्टरला ती येणार होती आणि मी तिला अजून काहीच सांगितलं नव्हतं.

तोच भाग येत्या गुरुवारी दुपारी एका फुकटच्या चॅनेलवर पुन्हा लागणार होता. नंतर इंटरनेटवर तो बघायची सोय नव्हती. त्या दिवशी शनिवार होता, आणि ऑनलाइन मागवलेला रेकॉर्डर गुरुवारच्या आत कुठूनच येत नव्हता.

यातलं मी त्या बाईला काही सांगितलं नाही. गुरुवारपर्यंत रेकॉर्डर हवाय, एवढंच म्हटलं. तिनं दुकानातल्या माणसाला बोलावून विचारलं. तो म्हणाला, तिच्या हातातला शेवटचा, नवे पंधरा दिवसांनी येतील. मी त्याच्या नव्या मालाच्या यादीत नाव आणि फोन नंबर लिहून दिला. माझं लिहून होईपर्यंत तिनं बॉक्स दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

"गुरुवारी असं काय आहे?" तिनं विचारलं.

"समुद्रकाठच्या गावांचा कार्यक्रम."

"त्यासाठी एवढा चेहरा पडला?"

"चेहरा असाच आहे माझा."

ती हसली. मग तिनं बॉक्स फिरवून पुन्हा मागची बाजू बघितली. तिचं नाव राजश्री. हॉस्पिटलच्या फार्मसीत कामाला. शिफ्टमुळे तिला कुठलाच कार्यक्रम वेळेवर बघायला मिळत नाही. ती म्हणाली की बॉक्सला ट्यूनर दोन आहेत, गुरुवारी तिचं एक काहीतरी ठेवायचंय, दुसऱ्यावर माझं ठेवता येईल. मी म्हटलं, मग मी मेमरी स्टिक आणून देतो. तिनं मान हलवली. या बॉक्सवर रेकॉर्ड केलेलं दुसऱ्या कशावर चालत नाही.

"बघायला यावं लागेल," ती म्हणाली, आणि लगेच घाईनं, "म्हणजे... चहा मिळेल." तिनं माझा नंबर घेतला आणि तिचा पत्ता लिहून दिला.

बुधवारी सकाळी तिचा मेसेज आला. रात्री वारा फार होता, आता चित्र चौकोन चौकोन होऊन तुटतंय, उद्याचं काही खरं नाही. मी संध्याकाळी येतो असं कळवलं. कामावरून घरी जाऊन मी दुसऱ्यांदा दाढी केली. एरियलची वायर तपासायला.

तिनं दार उघडलं, आम्ही जय भीम केला. टीव्हीच्या वर बाबासाहेबांचा फोटो होता, अगदी आमच्या घरात आहे तोच. तिनं सांगितलं की या घरात ती आठ वर्षं एकटी राहते, घटस्फोट झाल्यापासून. नव्या बॉक्सवर तिनं प्लॅस्टिकचं कव्हर तसंच ठेवलं होतं. मी त्याकडे बघितलं, तेव्हा ती म्हणाली, "हसू नका. नवं आहे."

तिचा एरियल छतावर नव्हता, छपराखालच्या लॉफ्टमध्ये होता. त्याचा खिळखिळा झालेला क्लॅम्प सुटून तो खाली झुकला होता. मी शिडीनं वर गेलो आणि ती खाली टीव्हीसमोर बसून सिग्नलचे आकडे ओरडून सांगू लागली. अठ्ठेचाळीस. पन्नास. एकदम बासष्ट. मी एरियल हातात धरून थोडा थोडा फिरवत होतो. अंधार होता, डोक्याला कोळ्यांची जाळी लागत होती, आणि बऱ्याच दिवसांनी मला भूक लागल्यासारखं, बरं वाटत होतं.

"पंच्याऐंशी! थांबा. अजिबात हलू नका."

"किती वेळ?"

"उद्या दुपारपर्यंत."

मी हसलो, तसा एरियल हलला आणि ती खालून रागावली, सिग्नल पुन्हा सत्तरवर आला म्हणून. मग तिनं विचारलं, "एक सांगा... एवढं काय आहे त्या कार्यक्रमात?"

ती दिसत नव्हती, मी तिला दिसत नव्हतो. म्हणून असेल, मी सांगून टाकलं. सुमन, सीगल, केबल, दिया. मुलीला अजून सांगितलं नाही, हेही. बोलताना माझे हात एरियलवर होते आणि तो आपोआप फिरत होता. माझं बोलणं संपलं. मला वाटलं, आता ही बाई मला चहाही देणार नाही. बायकोला बघायला मी हिच्या घरी येतोय.

"एक्क्याण्णव," ती म्हणाली. "आता घट्ट करा."

गुरुवारी मी वेम्ब्लीला एका इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात काम करत होतो. तिथं फोन लागत नाही. दिवसभर मी दर अर्ध्या तासानं घड्याळ बघत होतो. कामावरच्या नव्या जोडीदारानं दोनदा विचारलं, बायको बाळंत होणार आहे का. चार वाजता वर आलो तेव्हा मेसेज दिसला. "लागलं. रेकॉर्डिंगचा लाल दिवा चालू आहे की नाही ते बघायला दुपारी घरी येऊन गेले."

जेवणाच्या सुट्टीत ती बसनं घरी आणि बसनं परत. जेवली कधी, हे मी विचारलं नाही. संध्याकाळी तिच्याकडे जाताना बटाटेवडे घेऊन गेलो.

तिनं आधी काहीही बघितलं नव्हतं. माझ्यासाठी थांबली होती. चौतिसाव्या मिनिटाला बंदर आलं, पिवळा रेनकोट आला, सीगल आला. सुमन हसली. राजश्रीनं चित्र थांबवलं.

"कुणाकडे बघून हसतेय?"

"माझ्याकडे. मी सीगलच्या मागे धावलो होतो. ते बघा, कडेला माझं कोपर."

ती टीव्हीजवळ गेली आणि वाकून तिनं ते कोपर नीट बघितलं. मग रिमोटवर काहीतरी दाबलं. यादीत त्या कार्यक्रमापुढे एक छोटं कुलूप दिसू लागलं. आता हे चुकूनही पुसलं जाणार नाही, असं म्हणून ती वडे गरम करायला गेली. मी तिथं बसून डोळे पुसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन प्लेट्स मागितल्या.

नंतरच्या आठवड्यात मी तिच्याकडे तीनदा गेलो. एकदाही ते नऊ सेकंद लावले नाहीत.

ईस्टरच्या शनिवारी दियाला किंग्ज क्रॉस स्टेशनवरून घेतलं. हॅरोच्या ट्रेनमध्ये बसल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग चिडली, मग माझ्याकडे रोखून बघायला लागली.

"म्हणजे आईला बघायला आपण एका लेडीच्या घरी जातोय," ती म्हणाली. "आणि बाबा, तू शर्ट इस्त्री केलायस."

राजश्रीनं दार उघडलं तेव्हा दियानं बॅग खाली ठेवली नाही. राजश्री तिला सरळ टीव्हीसमोर घेऊन गेली आणि रिमोट तिच्या हातात दिला. दियानं पाच वेळा बघितलं. पाचव्यांदा ती हसली, सुमनसारखीच, खांदे उडवून. मग बॅग खाली ठेवली आणि रिमोट राजश्रीला परत दिला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. दुकानातून होता. रेकॉर्डर आलाय, माझ्यासाठी एक बाजूला ठेवलाय, आज घेऊन जाल का? मी राजश्रीकडे बघितलं. तिला फोनमधलं सगळं ऐकू जात होतं. ती रिमोटवरची नसलेली धूळ अंगठ्यानं पुसत होती.

मी म्हटलं, नको, यादीतल्या पुढच्या माणसाला द्या.

"का?" तिनं विचारलं. "आता तर निवांत घेता आला असता. आपला आपला."

"एका घरात दोन रेकॉर्डर कशाला..." माझ्या तोंडून निघून गेलं. मग मी घाईनं सावरायला गेलो. "म्हणजे — आज नाही. कधीतरी. तुम्हाला वाटलं तर."

"ओह माय गॉड, बाबा," दिया म्हणाली आणि चहा करते म्हणून उठली. किटली कुठे आहे हे तिला माहीत नव्हतं. तरी ती आत गेली आणि कपाटं उघडझाप करत राहिली.

बाहेर पावसाची बारीक सर आली आणि गेली. राजश्रीनं चष्मा काढला, ओढणीला पुसला, पुन्हा घातला. माझ्या हाताला अजून फोन चिकटलेला होता.

"तुमच्याकडे सिग्नल किती येतो?" तिनं विचारलं.

"कधी बघितला नाही."

"मग उद्या येते. तुम्ही वर जा," ती म्हणाली, "मी खालून आकडे सांगते."