पुढच्या चाकाचा दिवा

चहा संपवा आधी. आणि मधे कोणी हसायचं नाही. ही गोष्ट माझ्या साडूची आहे, आणि साडू अजून धडधाकट आहे. खोटं वाटलं तर जाऊन विचारा.

साडू आपल्यासारखाच विमानांचा मेकॅनिक, रात्रपाळीचा. त्या सोमवारी तो स्टोअरमध्ये एक बल्ब आणायला गेला. स्टोअरवाला म्हणाला, "बल्ब खातोस की काय रे? चार दिवसांतला चौथा!"

खरंच चौथा होता. एकाच विमानाबद्दल चार वेगवेगळ्या पायलटांनी एकच तक्रार लिहिली होती : उतरताना पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागत नाही. हा दिवा म्हणजे चाक बाहेर येऊन पक्कं अडकल्याची खूण. जमिनीवर मात्र लख्ख लागायचा. वजन पडलं की चाकाच्या पायाचा सैल सांधाही ताठ बसतो ना! खोड शोधायची तर विमान जॅकवर उचलून चाक लोंबकळतं ठेवायला हवं. सहा तासांचं काम, आणि पहाटे विमान उडणार. मग साडू बल्ब बदलायचा आणि लिहायचा, 'तपासलं, दोष आढळला नाही.' खाली सही. का रे, तुम्ही नाही करत? बघा, गेल्या माना खाली.

मंगळवारी त्याची दहा वर्षांची मुलगी परत येणार होती. सुट्टीत आमच्याकडे होती, विमानतळावर मीच सोडली. ऐनवेळी विमान बदललं. तिच्या वाट्याला तेच आलं.

रात्री अकरा चाळीसला मेकॅनिकच्या खोलीतला रेडिओ बोलला. "पुढचा दिवा लागत नाही."

"चाक आत घ्या, पुन्हा सोडा," साडू म्हणाला.

"तीनदा केलं. इंधन वीस मिनिटांचं उरलंय."

"कॉकपिटच्या फरशीत भिंग आहे. त्यातून सांधा दिसतो. त्यावरच्या लाल खुणा जुळल्यात का, बघा."

पायलट वाकून बघत होता.

"खुणा दिसत नाहीत."

"का?"

"मधे हात आहेत."

साडूने टेबल घट्ट धरलं. "कसले हात?"

"माणसाचे. सांधा आवळून बसलाय... कालच्या पायलटनेही पाहिला होता. मला म्हणाला, लॉगबुकात काय लिहू? दिव्याचं तेवढं लिहिलं."

"आणि आता?"

"आता... त्याचे हात थरथरतायत."

साडू रेडिओवर ओणवा झाला.

"धरून ठेव रे... माझी पोर आहे आत. चूक माझी आहे, तिची नाही. सोडू नकोस. पाया पडतो तुझ्या... सोडू नकोस."

"कोणाला सांगताय?" पायलटने विचारलं.

साडू पुटपुटतच राहिला, "सोडू नकोस."

मागची चाकं टेकली.

नाक खाली आलं...

टेकलं.

विमान थांबलं.

पोर गाढ झोपलेली होती. साडूने तिला उचलून बाहेर आणली, न्यायला आलेल्या बायकोच्या हातात दिली आणि तसाच मागे फिरला. कोणाला न विचारता विमान जॅकवर घेतलं. सांधा आरपार तडकलेला होता. नखाएवढा जोड उरला होता. ते चाक आधीच दुमडायला हवं होतं.

तड्याभोवती बोटांचे काळे ठसे होते. ग्रीसचे असतील, म्हणून त्याने फडक्याने पुसले.

ग्रीस निघालं...

ठसे राहिले. पोलादात रुतलेले. आठ बोटं, दोन अंगठे.