सवतीची शिवण

“सवत नाही तर काय म्हणू तिला?” अर्डिस गॅरेजच्या दारातून कडाडली. “मेली ती सुटली! आणि मी इथे तिच्या गाडीचे लाड बघत बसलेय!”

“हळू बोल,” वेंडेल म्हणाला. हातातलं फडकं काही थांबलं नाही. “गाडी घ्यायला मिलवॉकीचा माणूस येतोय. विकायची नाही म्हणून सांगतो त्याला.”

“सांगच. मी बहिणीकडे चालले. कायमची.”

गाडी अठ्ठावन्न सालची रॅम्बलर, इथल्याच, केनोशाच्या कारखान्यातली. अमेरिकेत देवमाशाएवढ्या गाड्या मिरवायच्या दिवसांत या बुटकीला लोक हसले होते. आता शौकीन तिलाच हुंगत येतात. अट एकच, सगळं मूळचं हवं. नवं कापड चढलं की मोल उतरलं. म्हणून वेंडेलनं सीट कधी बदलली नाही. आणि ती सीट कारखान्यात शिवली होती लोरेननं, त्याच्या पहिल्या बायकोनं. सवतीचा फोटो बाई एक वेळ सोसते. सवतीच्या हातचं काम नाही सोसत.

सरोवरावरचं धुकं दाराशी येऊन थांबलं होतं. दूर कुठे बंदराचा भोंगा घुमत होता. गाडीतून जुन्या रेक्झिनचा वास येत होता, आणि त्याखाली, अगदी पुसट, गुलाबाच्या क्रीमचा. अर्डिस तसलं क्रीम लावत नसे.

“मग ऐक,” ती म्हणाली. “काल तू चर्चमधल्या शुक्रवारच्या मासे-जेवणाला गेलास ना? मी कात्री घेतली आणि तुझ्या लाडकीची शिवण उसवली. वरपासून खालपर्यंत! आता दाखव त्याला मूळचं!”

वेंडेलचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं दार उघडून सीटवरून बोटं फिरवली. मग सावकाश मागे पाहिलं.

“कुठे...? शाबूत आहे की.”

“खोटं! आतला कापूस बाहेर आला होता...” ती वाकली. शिवण घट्ट, सरळ. टाके मोहरीएवढे.

“लोरेनचा टाका,” वेंडेल पुटपुटला. त्याचा आवाज असा हळवा झाला, की अर्डिसच्या अंगाची आग आग झाली. तिनं नखात टाका धरून हिसडला.

टाका तुटला नाही. तिच्याच मानेमागे कळ उठली... कुणी मुठीत धरून ओढावं तशी. तिनं मानेवर हात नेला. बोटांना नुसते खुंट लागले; तिथली बट कुणीतरी कापून नेली होती.

बाहेर मोटार थांबली. पावलं वाजली.

“बरं, विकतो,” वेंडेल थकून म्हणाला. “तू जाऊ नकोस. तू जिंकलीस, झालं?”

“नको विकूस...” ती कुजबुजली. “वेंडेल, तो दोरा नाही... माझे केस आहेत.”