रिकामा ट्रेलर

निमेश, उद्या खालचा ट्रेलर तू ओढणार आहेस, म्हणून सांगतो. तो दिवा असा मधे ठेव.

काम साधं होतं. मुलुंडच्या मागे डोंगरात जो पाडा आहे, तिथे गाडी जात नाही आणि विजेचे खांबही नाहीत. तिथे सोलरचे दिवे पोचवायचे होते. आपल्या सायकल ग्रुपमधले म्हणाले, पाठीवरून नेऊ. मी म्हटलं, सायकलला ट्रेलर लावू. एकाच चाकाचा, खाली स्प्रिंग, पायवाटेवर सायकलमागोमाग वळणारा. जमलं तर दर महिन्याला फेरी, नाहीतर विषय संपला. मला आदल्या रात्री झोप नव्हती यार.

आणि जमलं. हेमांगी दुसऱ्या सायकलवर माझ्यामागे होती. चढावर मांड्या पेटल्या, पण उतरून ढकलावं लागलं नाही. दिवे मिळाले तेव्हा अजून ऊन होतं, म्हणून पोरं ते लावून बघायला अंधाऱ्या झोपड्यांमध्ये पळाली. मी नाचायचाच बाकी होतो.

निघताना हेमांगीने एक दगड उचलून आणला. तिची आई, सोनूबाई, भांडुपच्या बाजारात मासे विकते. मासळी संपली तरी पाटी रिकामी घरी आणत नाही, मूठभर पाला तरी टाकते. रिकामी जागा दिसली की कुणीही बसतं, म्हणते.

"अगं, सगळा उतार आहे," मी म्हटलं. "वजन कशाला वाढवू? उडत जाऊ."

तिने दगड खाली ठेवला.

रिकामा ट्रेलर उतारावर प्रत्येक दगडावर उसळतो. खडखड, खडखड. वरची वळणं तसाच वाजत आला. ऊन झाडांमागे गेलं. ओल्या पाचोळ्याचा वास, त्यात ब्रेकच्या तापलेल्या रबराचा. मी गात उतरत होतो. ओढ्याकाठच्या वळणावर वेग कमी केला, आणि खडखड थांबली.

वाटलं, ट्रेलर सुटला. पण सायकल मागून ओढली जात होती... भरल्यासारखी.

"कृणाल..." हेमांगी मागून हळू म्हणाली. "स्प्रिंग दबलीय रे. थांबू नकोस."

नाहूरचे टॉवर दिसेपर्यंत मी थांबलो नाही. डांबरी रस्त्यावर आल्यावर ताडपत्री बाजूला केली. आत काहीच नव्हतं. हात फिरवला. तळाचं कापड गार होतं, मधोमध मात्र ऊबदार... कुणी नुकतंच उठल्यासारखं. पण उठलं नव्हतं. स्प्रिंग दबलेलीच होती.

फेरी मी बंद करणार नाही. ग्रुपने परवा आणखी ट्रेलर मंजूर केले, किती पाड्यांवर दिवे पोचतील कळतंय ना? फक्त रोज रात्री खाली पार्किंगमध्ये मी त्यात एक दगड ठेवायचो. सकाळी तो बाहेर असायचा. फेकलेला नाही, चाकाशेजारी अलगद ठेवलेला. वॉचमन नंदकुमार शपथेवर सांगतो, कुणी येत नाही.

आज संध्याकाळी तू आलास, ट्रेलर हलवून बघितलास, आपण वर आलो. नंतर मी दिवा आणायला खाली गेलो, तर स्प्रिंग वर आली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

एक विचारू? उद्याचे जास्तीचे दिवे भरायला म्हणून तू सॅक रिकामीच आणलीस ना...

मग ती खुर्चीवर अशी ताठ का बसलीय?