भरतकामाची मागची बाजू

दादा पहिल्यांदा हरवला तेव्हा न्हाव्याला सापडला. न्हाव्याने आधी त्याची दाढी केली, मग चौकशी. पुढच्या खेपेला तो भलत्याच कुणाच्या दारात उभा होता. आतली माणसं त्याला विमा एजंट समजून कडी लावून बसली होती.

माझा हा थोरला भाऊ जन्मभर पुस्तकं बांधत आला. कागद कापायच्या यंत्राने त्याच्या डाव्या करंगळीचं पेर घेतलं, तेव्हा त्याने आधी कागद सरळ कापला गेलाय का ते पाहिलं, असं तो रंगवून सांगायचा. आता सांगत नाही. आता बोटाकडे बघून विचारतो, "हे कुणी नेलं रे?"

गळ्यात पत्त्याचं कार्ड घालायला तो तयार होईना. "मी काय पार्सल आहे?" मग परगावी असलेल्या आमच्या लेकीने मोबाइलवर एक क्यूआर कोड पाठवला. त्यावर कोणीही फोन धरला की अक्षरं उमटणार: 'हे आमचे दादा. घर विसरतात. कृपया इथे आणून सोडा.' खाली आमचा पत्ता.

बायकोने ती काळी-पांढरी चौकट चष्मा पुसून पाहिली. "अहो, हे तर फुलीच्या टाक्याचं काम आहे."

मी विनोदी लेख लिहून पोट भरलं, पण घरात मान तिच्या सुईला. पांढऱ्या मॅटीच्या कापडावर काळ्या दोऱ्याने तिने चौकट भरली. एकूण एक फुलीचा वरचा टाका उजवीकडे झुकलेला, जणू सगळ्या एकाच वर्गात शिकल्या होत्या. मी मोबाइल धरला. टिंग. पत्ता बरोबर.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या शिवणकामाच्या बाई आल्या. त्यांनी तुकडा हातात घेतला आणि लगेच उलटा केला. "पुढून काय, कुणालाही छान दिसता येतं. काम मागून बघावं." मागची बाजू पुढच्याइतकीच साफ होती. एक गाठ नाही, लोंबता धागा नाही. बाईंनी मान डोलावली.

माझा मोबाइल अजून उघडाच होता. टिंग.

'हे आमचे दादा. घर विसरतात. कृपया इथे आणून सोडा.' तोच रस्ता, तीच इमारत, तोच मजला. शेवटी दोन शब्द जास्त: 'मागचं घर.'

आमच्या मागे घर नाही. स्वयंपाकघराची भिंत ही इमारतीची शेवटची भिंत. तिच्यापलीकडे पाण्याचा पाइप, कबुतरं आणि तीन मजले हवा.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, उलटा कोड एकतर तेच सांगेल, नाहीतर काहीच सांगणार नाही. वेगळं सांगायला तो काय माणूस आहे?"

"पुढची बाजू चालते ना? मग झालं," बायको म्हणाली. धुताना काढता यावा म्हणून तिने तो तुकडा कोटाच्या खिशावर दोन बटणांनी अडकवला.

"हे कसलं पदक?" दादाने विचारलं.

"हरवण्यात पहिला आलास," मी म्हणालो. बायकोने डोळे वटारले. दादा मात्र खूश झाला.

आणि पदक कामाला आलं. कधी बसचा कंडक्टर, कधी भाजीवाली, एकदा तर चक्क विमा एजंट त्याला सोडून गेला. आम्ही निर्धास्त झालो.

मग एका संध्याकाळी आम्ही दोघं बाहेरच्या दाराशी त्याची वाट बघत उभे असताना दादा स्वयंपाकघरातून बाहेर आला.

खिशावरचा तुकडा उलटा अडकवलेला होता.

"कुठे होतास?"

"मागे."

"मागे कुठे?"

"घरी रे धाकट्या. असंच आहे. खिडक्या तेवढ्या दुसऱ्या हाताला." तो खुर्चीत बसला. "तिथे मला सगळं आठवतं."

आणि त्याने कारखान्यातल्या माणसांची नावं घडाघडा म्हणून दाखवली, अगदी गोंद ढवळणाऱ्यापर्यंत. मग चहा आला. कपावरून माझ्याकडे बघत त्याने अदबीने विचारलं, "आपण कोण?"

मी बायकोला म्हटलं, "ती बटणं काढ. पक्कं शिवून टाक."

तिने सुई ओवली. तिच्या कामात डोकावायची मला सवय नाही.

सकाळी दादा जिना उतरत असताना वळणावर त्याचा खिसा दिसला. सगळे टाके डावीकडे झुकलेले. मी हाक मारत खाली धावलो. जिना रिकामा. रस्ताही.

"उलटं शिवलंस?"

ती भांडी पुसत होती. "परवा त्यांनी मला विचारलं, बाई, तुमचं घर कुठे? अहो, या घरात मला पहिला चहा त्यांनी करून दिला होता." तिने तेच भांडं पुन्हा पुसलं. "तिथे आठवतं म्हणाले ना. मग जाऊ दे एकदा, आठवू दे."

रात्री तो आला नाही. पोलिसांनी फोटो मागितला. दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली.

दारात दादा. एकटाच.

"कुणी आणलं?"

"कुणी कशाला आणेल? माझं घर मला ठाऊक नाही?" त्याने माझ्या पाठीत धपाटा घातला. "काय धाकट्या, अजून फालतू विनोद करतोस, की छापणाऱ्यांना अक्कल आली?"

त्याने बायकोला नावाने हाक मारली. लेकीचा अभ्यास, खालच्या शिवणाऱ्या बाईंचा गुडघा, सगळं विचारलं. बायको पदराने डोळे पुसत हसत होती. मीही हसलो.

मग तो करंगळीची गोष्ट सांगायला लागला. यंत्र, कागद, पेर. हात उंच धरून.

उजवा हात. करंगळीचं पेर त्याच हाताचं गेलेलं.

कोट खुर्चीवर होता. खिशावर तुकडा, दोन बटणांनी अडकवलेला. टाके डावीकडे झुकलेले. मी उलटून पाहिला. मागचेही डावीकडेच.

बायकोनेही पाहिलं. टाक्यांतलं तिला माझ्यापेक्षा आधी कळतं.

तिने त्याच्या चहात साखर घातली. बराच वेळ ढवळत राहिली. मग कप त्याच्या डाव्या हाताशी ठेवला.

तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीवर टकटक झाली. पलीकडून. हळू, घर हेच की दुसरं, याची खात्री नसलेला माणूस वाजवतो तशी.

दादाने चहाचा घोट घेतला. "कुणीतरी हरवलेला असेल बिचारा."

पुन्हा टकटक. मी उठलो.

त्या भिंतीला दार नाही. तरी बायको म्हणाली, "अहो, उघडू नका."