नात्याचा रकाना

इकडे दक्षिणेत, अण्णा नगरच्या झेरॉक्सच्या दुकानात माझ्या कागदांत कुणा गिरिधरचा सीव्ही मिसळला आणि सवयीने मी तो वाचून काढला. कंपनीसाठी माणसं निवडणं हीच माझी नोकरी. पाच पानं! उंची, रक्तगट, वडिलांचा हुद्दा... आणि मातृभाषा – मराठी.

"हा तुमचा? एवढं कुणी वाचत नाही हो," मी शेजारच्या तरुणाला मराठीतच म्हटलं.

तो दचकला, मग लाजून हसला. "अस्कें लिवाव म्हणून अप्पांनी सांगिटलें."

तंजावरचं मराठी मी पहिल्यांदाच ऐकत होते; 'अस्कें' म्हणजे सगळं, हे अंदाजानेच कळलं. आवडलं. मराठीच आवडलं, असं मी स्वतःला बजावलं.

पुढचे चार शनिवार कॉफी पीत आम्ही पाच पानांचं एक पान केलं. 'कष्टाळू, प्रामाणिक' मी खोडलं. गोदामातला माल शोधायचा वेळ त्याने निम्म्यावर आणला होता, ते वर घेतलं. मधली दोन वर्षं मात्र त्याने तारखा ओढूनताणून लपवली होती.

"आई आजारी होती... तिच्याजवळ होतों," तो म्हणाला.

"मग तसंच लिहा."

"हसतील की."

"मी हसले?"

त्याने वर पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मी उगाचच कॉफीत साखर घातली.

आठ महिने बेकार असलेल्या गिरिधरला अखेर मुलाखतीचं बोलावणं आलं – आमच्याच कंपनीतून. मुलाखत मीच घ्यायची होती. त्याआधी एक फॉर्म: उमेदवाराशी तुमचं नातं? 'काही नाही' लिहिलं, तर नोकरी जवळजवळ त्याच्या खिशात. दुसरं काही लिहिलं, तर मुलाखत माझ्या वरिष्ठ विद्युलता मॅडमकडे. त्या भल्याभल्यांना घाम फोडतात.

मी त्याला फोन लावून फॉर्मचं सांगितलं. "काय लिहू?"

पलीकडे बसच्या हॉर्नवर त्याने आवाज चढवला.

"'काही नाही' म्हणून लिवूं नका," तो म्हणाला.

"नोकरी जाईल."

"नोकरी आणिक मिळेल. तुमी... तुमी आणिक कोठें मिळाल?"

मी लिहिलं – 'माझं त्याच्यावर प्रेम आहे.' खाली सही, तारीख.

शुक्रवारी मॅडमनी त्याला पाऊण तास पिळलं. तो बाहेर आला तो मान हलवतच.

"नाही म्हणून सांगिटल्या."

मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून कितीतरी जास्त आनंद झाला. अख्ख्या ऑफिससमोर मी त्याचा हात धरला. त्यानेही माझा घट्ट धरला.